जुन्या मोटारीतील बंद घड्याळ

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मोटारींची जुळवणी सुरू केली, आणि पुढे कापसाच्या पैशावर वाढलेल्या अकोला-अमरावतीसारख्या बाजारपेठांतही मोटार ही प्रतिष्ठेची वस्तू ठरली. त्या पिढीतील ज्या अमेरिकी गाड्या आज हौसेने जतन केल्या जातात, त्यांचे इंजिन बांधून देणारा मिस्त्री मिळतो, परंतु डॅशबोर्डवरील घड्याळ बहुधा बंदच असते. ते म्हातारपणाने बंद पडले असे समजले जात असले, तरी खरे कारण पुष्कळदा बॅटरीत असते.

हे घड्याळ विजेचे म्हटले जात असले, तरी त्याचे काटे वीज फिरवत नाही. आत लहानशी स्प्रिंग आणि मागेपुढे झुलून वेळेचे माप धरणारे तोलचक्र असते. दर काही मिनिटांनी स्प्रिंग उतरली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमध्ये प्रवाह येतो, आणि तिच्या चुंबकाने ओढलेली पट्टी एका झटक्यात स्प्रिंगला चावी देऊन पॉइंट पुन्हा विलग करते. उभ्या गाडीत थोड्या थोड्या वेळाने ऐकू येणारी ‘टक’ हीच. बॅटरी अशक्त असल्यास तो झटका अपुरा पडतो, पॉइंट चिकटून राहतात आणि अखंड प्रवाहाने कॉइल जळते. काही घड्याळांत मात्र डाखाचा एक सांधा फ्यूज म्हणून ठेवलेला असतो, तो आधी वितळून कॉइल वाचवतो. घड्याळाची तार सहसा किल्लीच्या स्विचमधून जात नसल्याने हा धोका बंद गाडीतही टळत नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि त्या उष्णतेत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी झपाट्याने उतरते; म्हणून अशा वेळी बॅटरीची तार काढून ठेवणे हीच पहिली दुरुस्ती होय.

घड्याळ उघडल्यावर मल्टिमीटरने कॉइल शाबूत आहे का ते पाहावे, काळवंडलेले व खड्डे पडलेले पॉइंट अगदी बारीक कानशीने हलके घासावेत, आणि वाळून चिकट झालेले जुने तेल धुऊन धुऱ्यांच्या टोकांना घड्याळाचेच तेल सुईच्या अग्राने द्यावे. इंजिन ऑइल येथे घातकच, कारण ते जाड असून धूळ धरते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकी गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, ही गोष्ट घड्याळ टेबलावर चालवून पाहण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवी. १२ व्होल्टची जोडणी त्याला सोसणार नाही.

अनेकजण आतील यंत्र काढून तेथे क्वार्ट्झचे यंत्र बसवतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. तेथे भर चासी, बॉडी आणि इंजिनावर असला, तरी जे यंत्र साध्या साफसफाईने चालू शकते ते फेकून देणे हे जतन नव्हे. शिवाय त्या यंत्रातील एक कल्पकता क्वार्ट्झसोबत हरवते: कित्येक अमेरिकी घड्याळांत मागे पडलेले काटे पुढे सरकवले की तेवढ्यानेच आतील नियामक थोडा हलून घड्याळाची गती वाढते, आणि पुढे गेलेले काटे मागे घेतले की ती कमी होते, त्यामुळे दुरुस्तीनंतर थोडे दिवस नुसती वेळ लावत राहिले तरी ते आपोआप ताळ्यावर येते.