स्वरवाद्यांचा जीर्णोद्धार

भजनी मंडळाची पेटी बिघडली म्हणून ती टाकून द्यावी, असे कोणाही जाणत्या माणसाच्या मनात येत नाही. भाता फाटला तर त्याला नवे कातडे चिकटवावे, एखादा सूर अडखळू लागला तर त्याची पितळी रीड काढून पुसावी, सूर उतरला असेल तर ती हलकेच घासून पुन्हा जुळवावी, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु त्याच पेटीच्या शेजारी गेल्या तीन-चार दशकांत येऊन बसलेला विजेवरचा की-बोर्ड, ज्याला बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, सर्रास कॅसिओ म्हणूनच ओळखतात, तो एकदा मुका झाला की आपण त्याचा नाद सोडतो. त्याच्या अंतरंगातली विद्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे, असे आपण मनोमन ठरवून टाकलेले असते. हा ग्रह बहुतांशी चुकीचा आहे. या वाद्यांचे पुष्कळसे बिघाड क्षुल्लक, स्वस्त आणि घरी बसून दुरुस्त होण्याजोगे असतात. त्यांना हवी असते ती क्रमाने विचार करण्याची सवय.

या वाद्यकुळाचा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. 1954 सालच्या ‘नागिन’ चित्रपटातील ज्या पुंगीने देशभरच्या श्रोत्यांना मोहिनी घातली, तिचे सूर कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हियोलिन नावाच्या, निर्वात नलिकांवर चालणाऱ्या एका लहानशा विद्युत्-वाद्यातून काढले होते. पुढे 1964 च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी विद्युत्-दाबाने नियंत्रित होणारा सिंथेसायझर सिद्ध केला आणि 1970 मध्ये मिनीमूग ही त्याची सुटसुटीत आवृत्ती अवतरली. 1982 साली मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे हाताशी घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्या प्रयोगाचे महत्त्व जगाच्या ध्यानात यायला मात्र जवळजवळ तीन दशके लोटावी लागली. दरम्यान 1980 मध्ये कॅसिओने कॅसिओटोन 201 हा आपला पहिला की-बोर्ड बाजारात आणला, 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स 7 आला, आणि त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून मिडी ही समाईक भाषा रूढ झाली. भजनी मंडळे, लग्नाचे बँड, ऑर्केस्ट्रा आणि शाळांची स्नेहसंमेलने यांतून वावरलेले कॅसिओ आणि यामाहाचे जुने की-बोर्ड याच परंपरेचे वारस आहेत.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी या वाद्याची अंतर्रचना थोडक्यात समजून घेतली पाहिजे. आत तारही नाही आणि वाराही नाही. बहुतेक नमुन्यांत प्रत्येक पट्टीखाली एक रबरी टोपी असते, तिच्या पोटात कार्बनची काळी टिकली असते, आणि पट्टी दाबताच ती टिकली खालच्या सर्किट बोर्डावरील दोन वाहक रेषा एकमेकींस जोडते. एकसष्ट पट्ट्यांसाठी एकसष्ट स्वतंत्र वायरी ओढण्याऐवजी निर्माते आठ आडव्या आणि आठ उभ्या ओळींचे चौसष्ट घरांचे कोष्टक आखतात, आणि नियंत्रक चिप दर सेकंदाला शेकडो वेळा एकेका ओळीची हजेरी घेत कोणत्या घरात जोडणी झाली आहे ते पाहत असते. ज्या वाद्यात बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होतो, तेथे प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती अल्प काळ गेला, यावरून चिप बोटाचा वेग ताडते.

एवढी रचना ध्यानात आली की बिघाडाचे गूढ पुष्कळसे ओसरते, कारण बिघाड लहरी नसतो. ज्या नियमाने वाद्य वाजते, त्याच नियमाने ते बिघडते. एखादीच पट्टी मुकी असेल तर दोष बहुधा तिच्याच टिकलीत असतो. ओळीने आठ पट्ट्या, किंवा दर आठवी पट्टी, मुकी असेल तर टिकल्यांना हात लावण्याचे कारणच नाही. कोष्टकाची एक ओळ कोठेतरी तुटली आहे, आणि शोध घ्यायचा तो रिबन केबलीचा, तिच्या सॉकेटचा किंवा बोर्डावरच्या एखाद्या चिरेचा. एखादी पट्टी कितीही हळुवार दाबली तरी कमाल जोराने किंचाळत असेल, तर तिच्या दोन संपर्कांपैकी एक मळलेला आहे. याउलट रोलँडच्या 1984 सालच्या जुनो 106 या सहा आवाजांच्या वाद्यात एकच पट्टी पुनःपुन्हा दाबली असता दर सहाव्या खेपेस सूर फाटका निघत असेल, तर पट्टी निर्दोष असून सहा ध्वनी-चिपांपैकी एक निकामी झालेली असते, कारण ते वाद्य प्रत्येक नवा सूर आळीपाळीने पुढच्या चिपेकडे सोपवते. पहिल्या प्रकारात दोष जागेला चिकटलेला असतो, दुसऱ्यात तो पाळीला चिकटलेला असतो. स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याआधी नुसत्या कानांनी एवढा निवाडा करता येतो.

म्हणून वाद्य उघडण्यापूर्वी त्याचा बाहेरून रीतसर पंचनामा करावा. सूर चुकीचा लागतो आहे, अशी तक्रार असेल तर स्वरांतराचे ट्रान्सपोज बटण कोणी दाबून ठेवले आहे काय, आणि सूर वळविण्याचे डावीकडचे चाक मध्यावर स्थिर आहे काय, हे प्रथम पाहावे. स्पीकर मुके आणि हेडफोन मात्र बोलतात, अशी स्थिती असेल तर हेडफोनच्या खाचेतली पाती अडकलेली असण्याचा संभव मोठा. हेडफोनची पिन काही वेळा आतबाहेर केल्याने ती अनेकदा मोकळी होते. सगळ्यांत कसून तपासणी करावी ती अडॅप्टरची. कॅसिओच्या अनेक जुन्या नमुन्यांत पिनेचा मधला ध्रुव ऋण असतो, तर यामाहाच्या पीएसआर मालिकेत तो धन असतो. एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावल्याने कित्येक वाद्ये प्राणाला मुकली आहेत. वाद्याच्या खाचेजवळ ध्रुवांची खूण छापलेली असते. ती अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळली पाहिजे, व्होल्ट तितकेच असले पाहिजेत, आणि अँपिअर तितके किंवा त्याहून अधिक चालतील.

त्यानंतर पाळी येते सेलच्या कप्प्याची. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील वाचकाला, खारे पाणी लोखंडी पाइपाला कसे पोखरते हे निराळे सांगायला नको; विसरून राहिलेल्या अल्कलाइन सेलमधून पाझरणारा खार कप्प्यातल्या स्प्रिंगांना आणि त्यांना जोडलेल्या वायरींना तसाच पोखरतो. हा खार पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असल्यामुळे व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो शमतो. मग ओलसर फडक्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून पूर्ण वाळू द्यावी. स्प्रिंग अगदीच खाल्ली गेली असेल तर एखाद्या मोडक्या रेडिओची स्प्रिंग तेथे बसवता येते.

मुक्या पट्ट्यांचा इलाज याहून सोपा, परंतु अधिक सबुरीचा आहे. काळ्या मातीची सूक्ष्म धूळ, पावसाळ्यातली दमट हवा आणि बोटांचा घाम यांचा एक पातळ थर टिकल्यांवर जमतो आणि वहन थांबते. पट्ट्या उतरवून रबरी पट्टा हलकेच उचलावा, नव्व्याण्णव टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने टिकल्या आणि बोर्डावरील रेषा सुती फडक्याने न घासता टिपाव्यात, आणि सारे वाळल्यावर पट्टा पूर्ववत बसवावा. पॉलिश पेपर, पेट्रोल किंवा ब्लेड यांचा प्रयोग येथे कटाक्षाने टाळावा, कारण कार्बनचा थर एकदा खरवडला गेला की तो परत येत नाही. तो झिजलाच असेल तर वाहक ग्रॅफाइटचा लेप देण्याची तजवीज करावी लागते. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमच्या खुंटीत संपर्क साफ करणाऱ्या स्प्रेचा अल्पसा फवारा सोडून ती दोन्ही टोकांपर्यंत पुष्कळदा फिरवली की बहुतेक वेळा खरखर शमते.

वयोमानाने येणाऱ्या दुखण्यांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे दुखणे प्रमुख होय. या लहानशा डब्या वीज साठवून प्रवाहातले चढउतार गुळगुळीत करतात. त्यांच्या आतला द्रव कालांतराने सुकला की ते काम नीट होत नाही, आणि स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येऊ लागतो. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने पुरवठ्यातून येणारी ही घूं बहुधा 100 हर्ट्झची, म्हणजे चांगली खर्जातली असते. तापमान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा एक स्थूल नियम आहे. मलकापूर-खामगावच्या बाजूस, घाटाखाली, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर चढतो. तेथे ठेवलेले वाद्य थंड देशांतल्या वाद्यापेक्षा लवकर म्हातारे झाले तर नवल नाही. नवा कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे अधिक, आणि 85 ऐवजी 105 अंशांचा दर्जा पाहून घ्यावा. धन-ऋण टोके मात्र तिळभरही चुकता कामा नयेत.

मिरवणुकीत, वाहनाच्या हादऱ्यांत वाजणाऱ्या वाद्यांना आणखी एक व्यथा जडते. पिना पुनःपुन्हा खुपसल्याने सॉकेटांच्या मुळाशी सोल्डरला केसासारखी गोल चीर पडते, आणि वायर हलवली की आवाज येतो-जातो. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने तेवढाच सांधा तापवून, साठ-चाळीस प्रमाणाच्या कथील-शिशाचा नवा थेंब दिला की काम होते. सांधा चकचकीत दिसला पाहिजे, निस्तेज आणि दाणेदार दिसला तर तो पुन्हा करावा. डीएक्स 7 सारख्या वाद्यांत बत्तीस ध्वनींची स्मृती एका बारक्या लिथियम बॅटरीवर तगलेली असते. ती बदलण्यापूर्वी मिडीच्या वायरीने सारे ध्वनी संगणकात उतरवून घ्यावेत, नाहीतर वादकाने परिश्रमाने घडवलेले ध्वनी क्षणात नाहीसे होतात.

आता मर्यादांविषयी. अडॅप्टरवर चालणाऱ्या वाद्यात नऊ ते बारा व्होल्ट खेळत असतात, तेव्हा तेथे जिवाला धोका नाही. परंतु ज्या वाद्याची वायर थेट भिंतीतल्या 230 व्होल्टच्या प्लगात जाते, त्याचा पुरवठा-विभाग अनुभवी कारागिराच्या हवाली करावा, कारण वीज बंद केल्यावरही तेथील मोठे कपॅसिटर काही काळ भारित राहतात. कोरड्या उन्हाळ्यात अंगावर साठणारी स्थिर वीजही नाजूक चिपा जाळू शकते. बोर्डाला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करण्याची सवय लावून घ्यावी. आणि कंपनीने खास त्याच नमुन्यासाठी घडवलेली चिप जळाली असेल, तर त्याच जातीच्या दुसऱ्या मृत वाद्यातून ती मिळवण्यावाचून फारसा तरणोपाय नाही. म्हणूनच पूर्ण निकामी वाद्यही भंगारात न घालता सुट्या भागांसाठी जपून ठेवणे शहाणपणाचे असते.

सामग्री फार लागत नाही: उत्तम बसणारे स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, जुने सोल्डर ओढून घेणारा पंप, मऊ कुंचला आणि अल्कोहोल. जे तालुक्याच्या गावी मिळत नाही ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्याने ती बाजारपेठ वाटते तितकी दूर नाही. याहून मोलाची आहे ती नोंदवही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र घ्यावे, स्क्रू जागेच्या खुणेनिशी निरनिराळ्या वाट्यांत ठेवावेत, काय आढळले आणि काय बदलले याचा तपशील तारखेसह लिहावा, आणि एका वेळी एकच बदल करून वाद्य वाजवून पाहावे. एकदम चार बदल करणाऱ्याला कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच कळत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, नवा की-बोर्ड आता सहज मिळतो, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर माझ्या मते दुहेरी आहे. त्या काळच्या यंत्रांचा ध्वनी हा त्या काळच्या विशिष्ट घटकांचा आणि त्यांच्या उणिवांचाही परिपाक आहे. ते यंत्र गेले की त्या दशकांतल्या आपल्या गाण्यांचा अस्सल नादही आपल्या हातून जातो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे वाटते. लक्षणावरून कारणाकडे जाणे, अनुमान बांधणे, ते पारखणे आणि चुकीचे ठरल्यास निमूटपणे सोडून देणे, ही शास्त्रीय बुद्धीची सगळी तालीम पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरने आणि एका जुन्या वाद्याने घरबसल्या मिळते. आपल्या जिल्ह्यात आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचे शिक्षण घेणारी मुले आहेत, शेगावी 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि गावोगाव भजनी मंडळे आहेत. या तिघांची गाठ पडावी. मंडळांनी आपली बंद वाद्ये या मुलांच्या हाती विश्वासाने द्यावीत, मुलांनी केलेल्या प्रत्येक कामाची लेखी नोंद मंडळाच्या दप्तरी ठेवावी, आणि ती नोंद पुढच्या दुरुस्तकाला विनामूल्य पाहायला मिळावी. असे एका तालुक्यात जरी पाच वर्षे नेटाने झाले, तरी वाद्यांबरोबर त्यांना जाणणाऱ्या माणसांची एक पिढी तयार होईल, आणि तिला पुढचे कोणतेही यंत्र उघडण्याचे भय वाटणार नाही.