माओंनी निरोप दिलेला कुलगुरू

१७ नोव्हेंबर २००८ रोजी पूर्व चीनमधील हांगचौ शहराच्या सीमेवरील एका स्मशानभूमीत एका अमेरिकी माणसाच्या अस्थींचे दफन झाले. अमेरिकेचे चीनमधील राजदूत त्या वेळी उपस्थित होते. ज्यांच्या अस्थी पुरल्या गेल्या त्या जॉन लेटन स्टुअर्ट यांचे निधन मात्र १९६२ मध्येच वॉशिंग्टन येथे झाले होते. चीनच्या मातीत विसावा मिळावा ही त्यांची अखेरची इच्छा पूर्ण व्हायला ४६ वर्षे लागली. ख्रिस्ती मिशनरी, विद्यापीठाचे संस्थापक-अध्यक्ष आणि शेवटी राजदूत अशा तीन भूमिका पार पाडणाऱ्या या माणसाला चीनने इतकी वर्षे दाराबाहेर का ठेवले, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात जितके सापडते, तितकेच दोन देशांच्या इतिहासातही सापडते.

जन्म चीनचा, नागरिकत्व अमेरिकेचे

स्टुअर्ट यांचा जन्म २४ जून १८७६ रोजी हांगचौ येथे झाला. त्यांचे आई-वडील अमेरिकेच्या दक्षिण भागातून आलेले प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी होते. घराबाहेरची चिनी बोली त्यांना लहानपणापासूनच अवगत झाली. अकराव्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्यावर तेथील मुलांनी त्यांच्या जुन्या वळणाच्या कपड्यांची आणि बोलण्याची टर उडविली. आपल्याच देशात आपण उपरे आहोत, हा अनुभव त्यांना प्रथम तेथे आला.

गंमत अशी, की तरुणपणी त्यांना मिशनरी होण्याचा मनस्वी तिटकारा होता. रस्त्यात वा देवळाच्या जत्रेत उभे राहून प्रवचने देणे त्यांना नकोसे वाटे. दीर्घ मानसिक संघर्षानंतर त्यांनी निर्णय घेतला आणि १९०४ मध्ये विवाहानंतर ते पत्नी एलिन यांच्यासह चीनला परतले. १९०८ पासून नानजिंग येथील धर्मशास्त्राच्या विद्यालयात ते बायबलच्या 'नव्या करारा'ची ग्रीक भाषा शिकवू लागले. अध्यापनात त्यांना त्यांचा सूर सापडला.

भांडणातून उभे राहिलेले विद्यापीठ

मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्था मराठी वाचकाला परिचित आहेत. चीनमध्येही विविध पंथांनी अशी महाविद्यालये काढली होती. फरक एवढाच, की चीन ही वसाहत नव्हती. अफूच्या युद्धांनंतर लादलेल्या विषम तहांमुळे परकीयांना तेथे धर्मप्रसाराची मुभा मिळाली होती. चिनी न्यायालयांचा अधिकारही त्यांच्यावर चालत नसे. त्यामुळे मिशनऱ्याने शाळा काढली तरी तिच्यामागे परकीय तोफा आहेत, ही भावना चिनी मनात कायम राहिली.

१९१९ मध्ये स्टुअर्ट यांच्याकडे बीजिंगमधील एका नव्या विद्यापीठाची सूत्रे आली. मेथडिस्ट आणि काँग्रिगेशनल पंथांच्या दोन संस्थांचे विलीनीकरण व्हायचे होते. पण नाव कोणाचे ठेवायचे यावरूनच तंटा पेटला होता. अखेर दोन्ही नावे बाजूला ठेवून बीजिंगच्या प्राचीन नावावरून 'यनचिंग' हे नाव स्वीकारण्यात आले. विद्यार्थी मोजके, इमारती जुनाट आणि तिजोरी रिकामी, अशी स्थिती होती.

स्टुअर्ट यांनी शहराबाहेर पायी, सायकलवर आणि गाढवावर बसून जागेचा शोध घेतला. शेवटी छिंग राजवटीतील एक जुने उद्यान त्यांनी एका लष्करी सरदाराकडून विकत घेतले. हेन्री मर्फी या अमेरिकी वास्तुविशारदाने तेथे चिनी राजवाड्याच्या धाटणीच्या इमारती उभारल्या. पाण्याच्या टाकीलासुद्धा पॅगोड्याचे रूप दिले गेले. पैशासाठी स्टुअर्ट यांनी अमेरिकेच्या अनेक वाऱ्या केल्या. देणग्या मागण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. तरीही ॲल्युमिनियमच्या उद्योगात गडगंज झालेल्या चार्ल्स मार्टिन हॉल यांच्या मृत्युपत्रातील निधीतून १९२८ मध्ये 'हार्वर्ड-यनचिंग' संस्था स्थापन करण्यात ते यशस्वी ठरले.

सक्ती हटविणारा मिशनरी

इमारतींपेक्षाही महत्त्वाचे निर्णय त्यांनी आतील कारभारात घेतले. प्रार्थनेची आणि धर्मशिक्षणाची सक्ती काढून टाकली. चिनी आणि परदेशी अध्यापकांना समान वेतन दिले. संस्थेची नोंदणी चिनी सरकारकडे केली. प्रमुखपद चिनी व्यक्तीकडे असावे, या नियमानुसार वू लेइछुआन या पारंपरिक विद्वानाला कुलपती केले. स्वतः अध्यक्षपदी राहून प्रत्यक्ष कारभार मात्र स्टुअर्टच पाहत होते.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. कडव्या मिशनऱ्यांनी त्यांच्या श्रद्धेवरच शंका घेतली आणि व्हर्जिनियातील चर्चच्या मंडळापुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. तेथे ते निर्दोष ठरले. दुसरीकडे, राष्ट्रवादाने भारलेल्या चिनी तरुणांना कितीही उदार झाला तरी मिशनरी हा परकाच वाटत होता. दोन्ही बाजूंचा संशय पत्करूनही विद्यापीठ चिनी व्हावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. लेखिका पिंग शिन आणि समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओतुंग याच संस्थेचे विद्यार्थी. तेथील पत्रकारिता विभागही नावाजलेला होता. माओंची मुलाखत घेऊन त्यांना जगापुढे आणणारे एडगर स्नो यांनी काही काळ तेथे अध्यापन केले होते.

युद्ध आणि कैद

१९३७ मध्ये जपानने बीजिंगचा ताबा घेतला. अनेक विद्यापीठे नैर्ऋत्येकडे स्थलांतरित झाली. यनचिंग मात्र अमेरिकेची मालमत्ता म्हणून जागेवरच सुरू राहिले. जपानी राजवटीत ते अभय देणारे बेट ठरले. तेथील ब्रिटिश अध्यापक मायकेल लिंडसे औषधे आणि रेडिओचे सुटे भाग गुपचूप कम्युनिस्ट गनिमांकडे पोहोचवीत. ज्या उत्तर चीनमधील गनिमी टापूकडे ही मदत जात असे, तेथेच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमी सैनिकांवर उपचार करीत होते.

८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे वृत्त येताच जपानी सैनिकांनी विद्यापीठ ताब्यात घेतले. लिंडसे आणि त्यांची पत्नी स्टुअर्ट यांच्याच मोटारीतून निसटले. त्या वेळी त्येनचिन येथे असलेल्या स्टुअर्ट यांना अटक झाली. ऑगस्ट १९४५ पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे, ते कैदेत होते. आत्मचरित्राचे लेखन त्यांनी तेथेच सुरू केले.

राजदूतपदाचा सापळा

जुलै १९४६ मध्ये वयाच्या सत्तरीत त्यांची राजदूतपदी नियुक्ती झाली. च्यांग कै-शेक यांचे सरकार आणि कम्युनिस्ट यांच्यात समेट घडविण्याचे जनरल मार्शल यांचे प्रयत्न सुरू होते. दोन्ही बाजूंशी बोलू शकणारा माणूस म्हणून मार्शल यांनीच त्यांचे नाव सुचविले. पण अमेरिका एकीकडे मध्यस्थी करीत होती आणि दुसरीकडे च्यांग यांना मदत देत होती. या विसंगतीचे ओझे राजदूताच्या माथी आले.

एप्रिल १९४९ मध्ये नानजिंग कम्युनिस्टांच्या हाती पडले. सोव्हिएत राजदूत पळत्या सरकारबरोबर दक्षिणेकडे गेले, तर अमेरिकी राजदूत मागे थांबले. सैनिक पहाटे थेट त्यांच्या शयनगृहात घुसले, तरी त्यांनी संवादाची आशा सोडली नाही. नव्या राजवटीने परराष्ट्र व्यवहारासाठी नानजिंगला पाठविलेले अधिकारी हुआंग हुआ हे यनचिंगचेच माजी विद्यार्थी होते. जूनअखेरीस, पूर्वीप्रमाणे वाढदिवसाला विद्यापीठात यावे, माओ आणि चौ एन-लाय भेटीचे स्वागत करतील, असा निरोप त्यांच्यामार्फत मिळाला. वॉशिंग्टनने परवानगी नाकारली. ती भेट झाली असती तर इतिहास बदलला असता का, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात.

२ ऑगस्ट १९४९ रोजी स्टुअर्ट यांनी चीन सोडला. १८ ऑगस्ट रोजी माओंचा 'निरोप, लेटन स्टुअर्ट' हा लेख प्रसिद्ध झाला. स्टुअर्ट यांचे जाणे म्हणजे अमेरिकेच्या आक्रमक धोरणाच्या पराभवाचे प्रतीक, असे त्याचे सूत्र होते. हा लेख पुढे शालेय पाठ्यपुस्तकात गेला. त्यामुळे चीनच्या काही पिढ्यांना विद्यापीठ उभारणारे स्टुअर्ट माहीत नव्हते. माहीत होता तो फक्त हिणवून निरोप दिलेला राजदूत.

परतीची वाट

मायदेशीही त्यांचे स्वागत झाले नाही. 'चीन कोणी गमावला' या वादाने पेटलेल्या अमेरिकेत परराष्ट्र खात्याने त्यांना जाहीरपणे बोलण्यापासून रोखले. नोव्हेंबर १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरची जवळपास तेरा वर्षे त्यांची शुश्रूषा केली ती त्यांचे चिनी सचिव फू चिंगपो, म्हणजेच फिलिप फू, यांच्या कुटुंबाने. फू हेही यनचिंगचेच विद्यार्थी.

एलिन यांचे निधन १९२६ मध्ये झाले होते आणि यनचिंगच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले होते. आपल्या अस्थी त्यांच्या शेजारी ठेवाव्यात, अशी स्टुअर्ट यांची इच्छा होती. पण १९५२ मध्ये यनचिंग विद्यापीठच बंद झाले; त्याच्या विभागांची वाटणी होऊन तो रम्य परिसर पेकिंग विद्यापीठाकडे गेला. फू यांनी अस्थिकलश जपून ठेवला, प्रयत्न केले आणि १९८८ मध्ये तेही गेले. अखेर त्यांचे पुत्र, अमेरिकी लष्करातील निवृत्त मेजर जनरल जॉन फू यांनी २००८ मध्ये ते काम तडीस नेले. बीजिंगऐवजी हांगचौवर समाधान मानावे लागले. पत्नीची सोबत मिळाली नाही, जन्मगाव मात्र मिळाले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जी-२० परिषदेच्या निमित्ताने हांगचौ येथे जमलेल्या पाहुण्यांपुढे बोलताना राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी याच शहरात जन्मलेल्या आणि येथेच विसावलेल्या स्टुअर्ट यांचा उल्लेख केला. माओंनी ज्यांना निरोप दिला, त्यांचे नाव माओंच्या उत्तराधिकाऱ्याने पाहुण्यांपुढे आपुलकीने घेतले. हांगचौमधील त्यांचे जुने घर जतन करण्यात आले आहे. पेकिंग विद्यापीठात प्रवेश घेणारे नवे विद्यार्थी आजही तळ्याकाठच्या त्या पॅगोड्यापाशी छायाचित्रे काढतात. तो बांधविणारा माणूस कोण होता, हे त्यांच्या पालकांना पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.