जमीन शुद्ध करणारे जंतू

जंतू म्हटले की पटकी, विषमज्वर डोळ्यांपुढे उभे राहतात आणि आपण हात धुवावयास धावतो. आज मला या मंडळींची दुसरी बाजू आपणापुढे मांडावयाची आहे.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात हॅनाहान नावाचे गाव आहे. तेथील लष्करी इंधनसाठ्यातून १९७५ साली सुमारे ८०,००० गॅलन, म्हणजे तीन लाख लिटर, विमानाचे तेल गळाले. हे तेल म्हणजे आपल्या रॉकेलचेच भावंड. सफाई पुष्कळ केली, पण जमीन पडली रेताड. तेल झिरपत थेट भूजलास जाऊन मिळाले. १९८५ पर्यंत बेंझिनसारखी विषे पाण्याबरोबर सरकत लोकवस्तीखाली पोहोचली. आता करावे काय? एवढी माती उकरणे शक्य नव्हते. नुसते पाणी उपसावे, तर तेलाने माखलेली माती विष सोडीतच राहणार!

सरकारी भूशास्त्र खात्याच्या संशोधकांनी माती तपासली. तेव्हा आढळले, की तेथले मूळचेच जंतू हे तेल खाऊन त्याचे कार्बन डायॉक्साइड करीत आहेत. यात चमत्कार नाही. आपल्या परसातल्या उकिरड्यात पालापाचोळ्याचे हेच होते. रॉकेलातही कर्बच आहे. तो तोडून जंतू आपली उपजीविका करतात. मात्र नुसत्या कर्बावर त्यांचे भागत नाही, नत्र-स्फुरदादी पोषणही लागते. पानात तूपच तूप वाढले आणि भात-वरण विसरले, तर पंगत पुढे सरकणार कशी? म्हणून १९९२ साली जमिनीत पोषकद्रव्ये मुरवली आणि विहिरींतून दूषित पाणी उपसत राहिले. १९९३ अखेर वस्तीखालचे दूषण ७५ टक्क्यांनी उतरले होते.

बाटलीत भरलेले जंतू विकणारेही आता निघाले आहेत. क्वचित त्यांचा उपयोग होतो. पण बाहेरून पाहुणे आणण्याआधी घरच्यांची भूक पाहावी, असे मला वाटते.

सर्वच विषांना मात्र हा उपाय लागू नाही. शिसे, पारा ही मूलद्रव्ये. जंतू त्यांचे रूप पालटतील, नाश करू शकणार नाहीत. उलट काही जंतू पाऱ्याचे असे संयुग बनवतात, की ते माशांत साठून माणसाच्या ताटात येते. कपडे कोरडे धुण्याच्या काही द्रावकांचे काम अर्धवट राहिले, तर मूळ द्रव्याहून घातक असे व्हिनाइल क्लोराइड मागे उरते. तेव्हा जमिनीत काय सांडले आहे हे आधी तपासावे लागते, आणि जंतूंवर काम सोपविल्यावरही विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे तपासत राहावे लागते.