होबो: मांडी घालून बसलेला टाइप

इंग्रजीतली छोटी जी, पी, क्यू आणि वाय ही अक्षरं एरवी ओळीखाली पाय सोडून बसतात. 'होबो' नावाच्या टाइपात ती चक्क मांडी घालतात! शेपूट वर ओढून सगळी ओळीवरच टेकलेली. त्यात अख्ख्या वर्णमालेत सरळ रेघ जवळजवळ नाहीच. दांडेसुद्धा कमरेत वाकलेले. हा खट्याळपणा कुणाचा, तर 'फ्रँकलिन गॉथिक'सारखा शिस्तीचा, ताठ टाइप घडवणाऱ्या मॉरिस फुलर बेंटन यांचा. अमेरिकन टाइप फाउंडर्स या टाइप ओतणाऱ्या कंपनीने तो १९१० साली बाजारात आणला.

शेपट्या छाटण्यात गंमत होती तसा हिशेबही होता. खिळ्यांच्या छपाईत अक्षर धातूच्या ठरावीक उंचीच्या तुकड्यावर असतं. त्या उंचीतली काही जागा शेपट्यांसाठी राखावी लागते. शब्दात एकही शेपूट नसली तरी ती जागा कोरी जाते. होबोत ती राखायचं कारणच उरलं नाही. तेवढ्याच मापाच्या खिळ्यावर अक्षर मोठं बसू लागलं. जाहिरात जुळवणाऱ्या जुळाऱ्याला आणखी काय हवं?

आता नाव. 'होबो' हा भटक्या मजुरासाठी १८९०च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागात रुळलेला बोलीतला शब्द. मालगाडीत चोरून बसायचं, हंगाम असेल तिथे उतरून राबायचं, पुन्हा पुढची गाडी. या लोकांची आपापसातली प्रतवारी मोठी काटेकोर: होबो फिरतो आणि काम करतो, ट्रॅम्प फिरतो पण काम टाळतो, बम दोन्ही करत नाही. म्हणजे होबो म्हणवून घेण्यात मान होता. आयोवातल्या ब्रिट गावी १९००पासून त्यांचं संमेलन भरतं.

टाइपाला हे नाव का पडलं, याच्या कथा अनेक. कुणी म्हणतं, रेखाटनं फाउंड्रीत इतकी रेंगाळली की कामगार त्यांना 'तो म्हातारा होबो' म्हणू लागले. कुणी अक्षरांच्या फेंगड्या पायांकडे बोट दाखवतं. पहिली कथा मला जरा जास्तच गोड वाटते. सगळ्यांत चक्रावून टाकणारा तर्क मात्र वेगळाच आहे: बेंटन यांनी एक रशियन भित्तिपत्रक पाहिलं असावं. रशियन लिपीत 'नोवो' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला, की रोमन वाचणाऱ्याला तो हुबेहूब 'होबो' दिसतो. आणि 'नोवो' म्हणजे 'नवं'. हे खरं असेल, तर मालगाडीतल्या भटक्यांचा या टाइपाशी काडीचाही संबंध नाही.