माळ्यावरचा मारिओ मोडीत घालू नका

सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घ्यायला जाणाऱ्याला एक हिशेब पाठ असतो. जुनं भांडं मोडीत द्यायचं, त्याचं वजन व्हायचं, धातूचा भाव लागायचा आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा व्हायची. त्या भांड्यावर कुणाचं नाव कोरलंय, ते कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलं, याला काट्यावर जागा नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव तांबटकामासाठी खानदेशभर ओळखलं जातं. मोडीचा व्यवहार तिथे रास्तच आहे, कारण तांबं वितळवलं की पुन्हा तांबंच हाती येतं.

आता हाच काटा एका वेगळ्याच वस्तूला लागतो आहे आणि तिथे तो साफ चुकतो. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडून आपण जो 'व्हिडिओ गेम' खेळलो, दोन रिमोट, एक बंदूक आणि खाचेत बसणारी पिवळी किंवा काळी कॅसेट असलेला, तो धुळे-जळगावकडच्या कित्येक घरांत अजून माळ्यावर पडून आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो आणि जुन्या वायरींबरोबर भंगारात जातो. वितळवून त्यातून जे मिळतं त्याचं मोल नगण्य असतं. जे हरवतं ते पुन्हा तयार करता येत नाही.

या यंत्राचं मूळ जपानात आहे. निन्तेंदो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे फॅमिकॉम, १४,८०० येनला बाजारात आणला. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने त्याची रचना केली होती. आत रिको कंपनीने बनवलेला प्रोसेसर होता. त्याचा गाभा १९७५ च्या '६५०२' या चिपचा, वेग सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. जागा इतकी अपुरी होती, की त्यातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललेला. काटकसरीचं असं बुद्धिमान काम मला आजच्या भल्यामोठ्या गेममध्ये क्वचितच दिसतं.

खानदेशात पोहोचला तो मात्र हा अस्सल फॅमिकॉम नव्हे. तैवानच्या यूएमसी कंपनीने रिकोच्या चिपांना पर्याय ठरतील अशा 'यूए६५२७' कुळातल्या चिपा बनवल्या आणि त्यांच्या आधाराने शेकडो नकली यंत्रं जगभर पसरली. आपल्याकडे ती 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी विकली गेली. अस्सल परदेशी यंत्र घेणं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होतं. सेगा कंपनीने ८० टक्के आयातशुल्क टाळण्यासाठी एप्रिल १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार केला, तरी तिचा मेगा ड्राइव्ह १८,००० रुपयांना पडत होता. म्हणून आपल्या पिढीने मारिओ, काँट्रा आणि बदकांचा गेम नकली यंत्रावर खेळला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भारतातल्या व्हिडिओ गेमचा इतिहास बऱ्याच अंशी या नकली यंत्रांचाच इतिहास आहे.

या जुन्या खेळण्यांचा परदेशातला भाव ऐकून हल्ली अनेकांचे डोळे विस्फारतात. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सीलबंद प्रत ६ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्याच वर्षी जुलैत १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती जगात खपलेल्या आहेत, तेव्हा गेम म्हणून तो अजिबात दुर्मीळ नाही. दुर्मीळ होती ती अस्पर्श अवस्था. वाटा नावाच्या कंपनीने त्या प्रतीच्या डब्याला १० पैकी ९.८ आणि वेष्टनाला 'ए प्लस प्लस' अशी श्रेणी दिली होती. पुढे २०२२ मध्ये याच कंपनीविरुद्ध, बाजार फुगवल्याचा आरोप करत, अमेरिकेत ग्राहकांनी खटला दाखल केला. उघडून कधीच न खेळलेल्या गेमला कोट्यवधी मोजणं ही मला संग्राहकाची नव्हे, सट्टेबाजाची रीत वाटते. आपल्या माळ्यावरच्या यंत्राला असा भाव येणार नाही, हेही आताच स्पष्ट सांगितलेलं बरं. त्याचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते समजायला यंत्राच्या आत डोकावावं लागतं.

जुनं यंत्र कशाने मरतं? चिप सहसा मरत नाही. कारखान्यातून निघालेल्या कॅसेटमधल्या मास्क रॉमवर गेमची माहिती घडवतानाच उमटवलेली असते, ती पुसली जात नाही. पहिला बळी जातो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. या छोट्या दंडगोलात ॲल्युमिनियमची पत्री, कागद आणि एक द्रव असतो. द्रव हळूहळू सुकतो किंवा बुडातून पाझरतो आणि खालच्या तांब्याच्या रेषा खातो. अभियंत्यांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. जळगाव-धुळ्याचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं. धाब्याच्या जुन्या घरात ठेवलेलं यंत्र पत्र्याखालच्या यंत्रापेक्षा जास्त टिकायला हवं, याचं कारण हेच. समाधानाची गोष्ट ही, की हे कपॅसिटर काही रुपयांना मिळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कसबी हाताला ते बदलणं अवघड नाही.

दुसरी जागा कॅसेटच्या दातांची. इथे सोनगीरच्या माणसाला वेगळं शिकवायची गरज नाही. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लावतात ती कथलाची. कल्हईवाला नवसागर टाकतो, त्याने धातूवरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील धरतं. कॅसेटच्या सर्किटवरही तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांवर सोनं, निकेल किंवा कथलाचा पातळ मुलामा असतो. डाग देताना नवसागराचं काम राळ करते. मुलामा झिजला की भांड्यासारखंच खालचं तांबं हवेशी भिडतं, काळपट थर चढतो आणि वीज अडते. आपण सगळे त्यावर एकच उपाय करायचो: कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. गेम सुरू व्हायचा, पण श्रेय फुंकरीचं नव्हतं. काढघाल करताना दात घासले जाऊन थर खरवडला जायचा. फुंकरीतली वाफ उलट गंज वाढवते. निन्तेंदोसुद्धा फुंकर मारू नका असंच सांगत आली आहे.

आता ही जुनी कॅसेट स्वच्छ करायची असेल, तर एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. तांब्याची भांडी आपण चिंचेने, लिंबाने, राखेने लखलखीत करतो. इथे तसं करू नये. भांड्याचा पत्रा जाड असतो, घासून काही बिघडत नाही. कॅसेटचा मुलामा मात्र एका घासणीत उडतो. औषधाच्या दुकानातलं किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि हलका हात एवढं पुरतं.

प्लास्टिक पिवळं पडतं ते ऊन आणि उष्णतेने. या डब्यांचं एबीएस प्लास्टिक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि आग लागू नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमीनयुक्त द्रव्यंही या पिवळेपणाला हातभार लावतात असं मानलं जातं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवलं की पांढरेपणा परततो, पण तो वरवरचा असतो. प्लास्टिकचा ठिसूळपणा जात नाही आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. असं केलेलं यंत्र विकताना ते न सांगणं संग्राहकांमध्ये फसवणूकच समजली जाते.

बंदुकीची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. बदकांच्या गेममधली बंदूक काहीच सोडत नाही. ती फक्त पाहते. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत बसवलेल्या प्रकाशसंवेदकाला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. शेजारच्या बल्बवर नेम धरून फसवू नये म्हणून आत एक गाळणी असते. ती साधारण १५ हजार हर्ट्झच्या आसपासची लुकलुक तेवढी आत सोडते. आपल्या जुन्या काचेच्या टीव्हीवर सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा एकामागून एक रंगवल्या जायच्या, म्हणून तिथलीच लुकलुक गाळणीतून जाते. आजचा एलईडी टीव्ही असा रेषेरेषेने लुकलुकत नाही आणि चित्र दाखवायला थोडा उशीरही लावतो. त्यामुळे चालू स्थितीतली बंदूकसुद्धा त्याच्यापुढे आंधळी ठरते. जुना गेम जपायचा म्हणजे जुना टीव्हीही जपायचा. मात्र त्या टीव्हीचा मागचा डबा घरी उघडू नये; रंगीत टीव्हीच्या काचनळीवर वीस हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

आपल्या टीव्हीच्या आणखी एका परिणामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, आपले पाल पद्धतीचे टीव्ही ५०. गेमचा वेग चित्रांना बांधलेला असायचा. म्हणजे पालसाठी बनलेल्या नकली यंत्रावर धुळ्यात धावलेला मारिओ तोक्योतल्या मारिओपेक्षा एक षष्ठांशाने संथ धावला. हा अनुभव मोबाइलवर उतरवून घेतलेल्या गेममध्ये मिळत नाही, कारण तिथे सहसा ६० चा वेग असतो. आपल्या बालपणीचा अचूक वेग आता त्याच यंत्रांत उरला आहे.

मग आपल्याकडचं यंत्र किती जुनं, हे कसं ओळखायचं? स्क्रू काढून आत पाहावं. चाळीस पायांच्या दोन मोठ्या चिपा शेजारी दिसल्या, तर ते सुरुवातीच्या पद्धतीचं यंत्र आहे. त्याऐवजी हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एकच काळा थेंब असेल, तर सगळी यंत्रणा एका चिपेत कोंबून वर इपॉक्सी ओतलेली, स्वस्त आणि सहसा नंतरची घडण. चिपांवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे: ९२३४ म्हणजे १९९२ चा चौतिसावा आठवडा. 'विंटेज' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नव्या कोऱ्या डब्यात काळा थेंब निघाला, तर जपून. आणि चालवून पाहण्याआधी अडॉप्टर तपासा. यंत्रांची अधिक-उणे जोडणी सारखी नसते आणि उलट्या जोडणीने तीस वर्षं टिकलेली चिप एका क्षणात जळू शकते.

कॅसेटही टाकू नयेत, विशेषतः '९९९९९९९ इन १' छाप असलेल्या. त्यांत मोजकेच गेम पुन्हा पुन्हा येतात, पण नावं बदललेली, पातळ्या ओलांडून सुरू होणारी, कुणीतरी आतून फेरफार केलेली. या फेरफारांची नोंद कुठल्याही कंपनीच्या दप्तरात नाही. अधिकृत गेमचीच स्थिती अशी, की अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. बेवारस कॅसेटचं काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

जपणुकीचा वसा खानदेशाला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. घरोघरी हिंडून, लोकांना रद्दी वाटणारी दप्तरं त्यांनी गोळा केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड उभे राहिले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. प्लास्टिकचा गेम आणि पेशवाई कागद यांची बरोबरी मी करत नाही. पण कोणती वस्तू साधन ठरेल हे ती टाकणाऱ्याला कळत नसतं, हे राजवाड्यांइतकं कुणाला ठाऊक होतं? कायद्याचा आधार तर इथे मिळणारच नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. समुराई आणि लिटल मास्टरला त्यासाठी २०९० उजाडावं लागेल.

तेव्हा सोनगीर, धुळे, शिरपूर, जळगावच्या वाचकांना एवढीच विनंती आहे. या दिवाळीत माळा काढाल तेव्हा यंत्र सापडलं तर त्याचा खोका, माहितीपत्रक आणि दुकानाची पावती वेगळी करू नका. कुठल्या गावात, कोणत्या साली, किती रुपयांना आलं हे त्या पावतीशिवाय कुणी सांगू शकणार नाही. कोणत्याही भागात सेल असेल तर काढून ठेवा. पत्र्याखालून काढून घरातल्या कोरड्या, सावलीच्या कपाटात ठेवा. कुठे घेतलं, कोण खेळलं, हे एका चिठ्ठीवर लिहून आत घाला. आणि अगदीच मोडकं असेल, तर डागातल्या शिशासाठी तरी ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या, काट्यावर नको.