शेंगा आणि सस्तन प्राणी : एक जुने नाते

दुभत्या जनावराला नुसत्या कडब्याऐवजी जोडीला लसूणघास घातला की दुधात फरक पडतो, हा आपला रोजचा अनुभव. शेंगवर्गीय वनस्पती आणि सस्तन प्राणी यांचे नाते मात्र फार जुने आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान भागात अंदाजे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. आपली काळी जमीन ज्या खडकापासून झाली, त्याचा लाव्हाही त्याच सुमारास वाहत होता. धुळीने ऊन अडले, झाडोरा मेला, डायनासोर संपले. (त्यांच्यातील पक्षी तेवढे तगले, आपली कोंबडी त्यांच्याच वंशातली!) सस्तन प्राणी उरले ते बहुधा उंदीर-घुशींएवढे.

पुढे काय झाले, हे अमेरिकेत कोलोराडोतील कोरल ब्लफ्स येथील जीवाश्मांवरून २०१९ मध्ये उजेडात आले. उजाड रानात आधी नेचे माजले. १ लाख वर्षांत सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्याचे वजन सुमारे ८ किलोपर्यंत, म्हणजे आपत्तीपूर्वी होते तितके झाले. ३ लाख वर्षांच्या सुमारास अक्रोडाच्या कुळातील झाडे वाढली आणि वजन जवळजवळ तिप्पट झाले. त्या वेळच्या कार्सिओप्टिकस या प्राण्याच्या दाढा कठीण खाद्य फोडण्याजोग्या होत्या. ७ लाख वर्षांच्या थरात प्रथमच शेंगा सापडतात आणि त्यांच्याबरोबर मोठ्या बोकडाएवढे, ५० किलोंच्या आसपासचे प्राणी.

शेंगांमुळेच वजन वाढले, असे यावरून सिद्ध होत नाही. पण प्रथिनयुक्त चारा आणि भरलेले अंग एकाच थरात मिळावे, याचे पशुपालकाला नवल वाटणार नाही.