डॉक्टर न होता हॉस्पिटलमध्ये करिअर: पदवी कोणती लागते आणि कौशल्य कोणतं चालतं?

निकालाचे दिवस आले की इन्स्टावर एक ठराविक जाहिरात फिरायला लागते. पांढरा कोट घातलेली मॉडेल, मागे चकचकीत हॉस्पिटल आणि खाली मोठ्या अक्षरात: 'हॉस्पिटल मॅनेजमेंट, फक्त ६ महिने, १००% जॉब गॅरंटी'. माझ्या नात्यातली दोन-तीन पोरं दरवर्षी याचा स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, "दादा, हे करू का?"

मला का विचारतात? कारण मी इंजिनिअर असलो तरी गेली काही वर्षं हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करतोय. बिलिंग काउंटरच्या मागे, वॉर्डात सिस्टरच्या टेबलाशेजारी, रेकॉर्ड रूममध्ये असे बरेच दिवस काढलेत. तिथे कोण काय काम करतं आणि त्याने काय शिकलंय हे जवळून बघायला मिळालं. तर आज तेच सांगतो.

आधी एक रेघ मारून घ्या

हॉस्पिटलमधल्या नोकऱ्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात कायद्याने ठरलेलं शिक्षण आणि कौन्सिलची नोंदणी लागते. नर्सिंगला जीएनएम ३ वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग ४ वर्षं, आणि मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. फार्मासिस्टला डी.फार्म किंवा बी.फार्म आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी. लॅब टेक्निशियन, एक्स-रे आणि एमआरआय चालवणारे, ऑपरेशन थिएटरचे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी २०२१ साली केंद्राने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा वेगळा कायदा केला. त्या कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं आणि तेही २ ते ४ वर्षांत पसरलेलं.

आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. रोज ६ तास, महिन्याला २६ दिवस, असे ६ महिने. होतात ९३६ तास. म्हणजे सहा महिन्यांत 'टेक्निशियन' बनवून देतो म्हणणारा क्लास कायद्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. आणि हो, या कायद्यात येणारे कोर्स ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालवू नका असं यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठांना बजावलंय. रुग्णाच्या हातात सुई टोचायला घरबसल्या शिकता येत नाही, इतकं साधं कारण आहे त्यामागे.

दुसरा गट मॅनेजमेंटचा. इथे गंमत अशी की भारतात 'हॉस्पिटल मॅनेजर'साठी डॉक्टर-नर्ससारखं कौन्सिल किंवा लायसन्स नाही. बीकॉम, बीए, बीएस्सी कोणीही आत शिरू शकतो. दार उघडं आहे हे चांगलंच, पण त्याच उघड्या दारातून सर्टिफिकेट विकणारेही शिरलेत. वरची जाहिरात त्याच दारातून आलेली असते.

डिस्चार्जची फाईल कुठे कुठे फिरते

मॅनेजमेंटचं काम म्हणजे नेमकं काय, हे समजायला एकच गोष्ट बघा. घरातलं कोणी ॲडमिट असेल तर हा अनुभव तुम्हालाही असणार. सकाळी साडेदहाला डॉक्टर राउंडवर येऊन म्हणतात, "आज घरी सोडू." आपण बॅग भरतो. आणि प्रत्यक्ष खाली रिक्षात बसेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजतात. मधले साडेसहा तास गेले कुठे?

तर डॉक्टरांनी तोंडी सांगितल्यावर आरएमओ डिस्चार्ज समरी लिहितात. सिस्टर न वापरलेली औषधं फार्मसीला परत पाठवतात, ती वजा झाल्याशिवाय बिल बंद होत नाही. लॅबचा एखादा रिपोर्ट अडकलेला असतो. मग बिलिंग फायनल बिल काढतं. कॅशलेस असेल तर ते बिल आणि समरी टीपीए डेस्कवरून इन्शुरन्स कंपनीकडे जातं, तिथून एखादी शंका येते, तिचं उत्तर जातं, मंजुरी येते. मग गेट पास. यात प्रत्येक टप्प्यावर एक माणूस बसलाय आणि प्रत्येकाला पुढचा माणूस कशासाठी थांबलाय हे माहीत असतंच असं नाही.

विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्ये नियम केला: कॅशलेसची सुरुवातीची मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची. पण हे घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलने विनंती पाठवल्यावर. समरीच दुपारी दोन वाजता तयार झाली, तर नियम पाळूनही पाच वाजतातच.

आता हेच आकड्यात बघू. समजा १०० खाटांचं हॉस्पिटल आहे. महिन्याचे ३,००० खाट-दिवस झाले. त्यातले २,४०० वापरात होते, म्हणजे ८० टक्के ऑक्युपन्सी. एक पेशंट सरासरी ४ दिवस राहतो, म्हणजे महिन्याला ६०० पेशंट. डिस्चार्ज वेळेत व्हायला लागून सरासरी मुक्काम ३.७५ दिवसांवर आला, तर तेवढ्याच खाट-दिवसांत ६४० पेशंट बसतात. नवी खाट नाही, नवी इमारत नाही, तरी ४० जास्त माणसांना जागा मिळाली. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर ताटकळणाऱ्याला वर बेड मिळतो तो असा. चांगला ऑपरेशन्स मॅनेजर हे गणित रोज करतो.

त्यासाठी लागणारं कौशल्य फार भारी नाहीये. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल यायला हवं, वेळेच्या नोंदी वजा करून कुठल्या टप्प्यावर किती मिनिटं गेली ते काढता यायला हवं. आणि वॉर्डात जाऊन विचारायची तयारी हवी. एका हॉस्पिटलमध्ये (नाव सांगत नाही) डेटा दाखवत होता की सगळ्या नोंदी दुपारी दोनच्या आसपासच होतात. वर जाऊन पाहिलं तर तीस खाटांना मिळून एकच कॉम्प्युटर. सिस्टर सकाळपासून वहीत लिहीत होत्या आणि शिफ्ट संपताना सगळं एकदम कॉम्प्युटरमध्ये भरत होत्या. ऑफिसात बसून चार्ट बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

टीपीए डेस्क: सुरुवात इथून होते

बहुतेक ग्रॅज्युएटना पहिली नोकरी बिलिंग किंवा टीपीए डेस्कवर मिळते. लोक हिला कमी समजतात. मला विचाराल तर हॉस्पिटल शिकायला यासारखी जागा नाही, कारण पेशंटची वैद्यकीय फाईल आणि पैसा दोन्ही इथूनच जातात.

एक उदाहरण देतो. पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा रोज ५,००० आहे आणि नातेवाइकांनी ८,००० ची खोली घेतली. त्यांना वाटतं रोजचे वरचे ३,००० आपण भरू, बाकी कंपनी भरेल. पण अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी, ओटी चार्ज असे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असा खर्च ८०,००० झाला असेल तर कंपनी ५०,००० देते आणि ३०,००० खिशातून जातात. हे ॲडमिशनच्या वेळी दोन मिनिटांत समजावून सांगणारा मुलगा किंवा मुलगी डेस्कवर असेल, तर एखाद्या घराचं कर्ज वाचतं. ते सांगायचंही कसं, तर साताऱ्याहून आलेल्या आजींना कळेल अशा मराठीत, त्यांचं पुरतं ऐकून घेऊन. कम्युनिकेशन स्किल म्हणतात ते इथे हेच. इंग्रजी लागतं ते कंपनीला मेल लिहिताना.

सरकारी योजनांचंही असंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली) आणि २०१८ पासूनची आयुष्मान भारत, यांच्या यादीतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. कागदपत्रं, पात्रता, मंजुरी हे सगळं ते बघतात. हेही करिअर सुरू करायचं एक दार आहे.

मेडिकल कोडिंग: खरं काय, फुगवलेलं काय

डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड लावायचा, हे कोडिंग. सी प्लस प्लसवालं कोडिंग नव्हे! जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत उच्च रक्तदाबाचा कोड आय१०, गुंतागुंत नसलेल्या टाइप-२ मधुमेहाचा ई११.९. भारतातलं बरंचसं कोडिंगचं काम अमेरिकन हॉस्पिटलं आणि विमा कंपन्यांसाठी चालतं. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची स्वतःची, खूपच बारीक विभागणी असलेली आवृत्ती सक्तीची केली आणि ते काम वाढलं.

इथे बीएस्सी लाइफ सायन्स, बी.फार्म, नर्सिंग, फिजिओ, बीएचएमएस झालेल्यांना पसंती असते, कारण शरीररचना आणि वैद्यकीय इंग्रजी पक्कं लागतं. परीक्षा कोणती, तर एएपीसी या अमेरिकन संस्थेची सीपीसी. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे 'अप्रेंटिस'चा शिक्का लागतो. क्लासवाले हे सांगत नाहीत बरं का. आणि इंजिनिअर म्हणून माझं मत: साधे, सरळ कोड सुचवण्याचं काम सॉफ्टवेअरकडे जात राहणार. कोड बरोबर लागलाय का ते तपासणारा, फाईलमध्ये काय लिहायचं राहिलंय हे पकडणारा माणूस टिकेल. म्हणून कोड पाठ करण्यापेक्षा केस पेपर वाचायला शिका.

मोठी पदवी कधी घ्यायची?

वरच्या पदांसाठी पदव्युत्तर शिक्षण लागतंच. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, इथे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची दोन वर्षांची मास्टर्स आहे. पुण्यात सिंबायोसिसचा हॉस्पिटल आणि हेल्थकेअर मॅनेजमेंटमधला एमबीए आहे, त्याला स्नॅप परीक्षा द्यावी लागते. दिल्लीच्या एम्समधला हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर कोर्स मात्र डॉक्टरांसाठी आहे, तिथे बीकॉमवाल्याने वेळ घालवू नये. नर्सिंग, डेंटल, फिजिओ झालेले बरेच जण क्वालिटी विभागाकडे वळतात, म्हणजे एनएबीएचचं मानांकन मिळवणं आणि टिकवणं. औषध चुकीच्या पेशंटला जाऊ नये म्हणून काय पद्धत आहे, जैव कचरा पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्यात बरोबर जातोय का, हे सतत तपासत राहायचं काम. कंटाळवाणं वाटतं, पण यात ज्याची नजर तयार झाली त्याला हॉस्पिटलं सोडत नाहीत.

शक्य असेल तर आधी एक-दोन वर्षं डेस्कवर काम करा, मग मास्टर्सला जा. वर्गात 'पेशंट फ्लो' शिकवतात तेव्हा डोळ्यासमोर खरा वॉर्ड असला की फीचे पैसे वसूल होतात.

आणि आपण कॉम्प्युटरवाले?

आपल्यासाठीही भरपूर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. तुमचा १४ अंकी आभा नंबर त्यातलाच. एका हॉस्पिटलचा रिपोर्ट दुसऱ्याला वाचता यावा म्हणून तो ठरलेल्या साच्यात लागतो. त्या साच्याचं नाव एफएचआयआर, उच्चार 'फायर'. एक्स-रे, सीटीच्या इमेजेससाठी डायकॉम. भारतासाठी ही मानकं सांभाळणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच आहे, सी-डॅकमध्ये, आणि आभासाठीचे 'फायर'चे साचे त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. थोडं जावास्क्रिप्ट किंवा पायथन येत असेल तर एक नमुना रिपोर्ट त्या साच्यात बसवून बघा. इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा हे दाखवलेलं जास्त चालतं. २०२१ च्या त्या कायद्याच्या यादीत हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट हाही एक गट आहे.

फी भरायच्या आधी

जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावाच, पण असं विचारा. पदवी किंवा डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा? नाव सांगितलं की त्या विद्यापीठाच्या साइटवर कॉलेजचं नाव शोधा. फक्त 'आयएसओ प्रमाणित' म्हणत असतील तर ती कोर्सची मान्यता नव्हे. हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष किती आठवडे आणि कोणत्या विभागात उभं करणार? मागच्या बॅचची मुलं आज कोणत्या डेस्कवर आहेत, त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का? नोकरीची गॅरंटी असेल तर पगार, शिफ्ट आणि पद लिहून देणार का? रात्रपाळी आणि रविवार या क्षेत्रात ठरलेलेच आहेत, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

यावर "सर, आज सीट बुक केली तर डिस्काउंट आहे" एवढंच उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि जवळच्या हॉस्पिटलच्या एचआरला जाऊन विचारा की बिलिंगला ट्रेनी घेता का.